घाट, गिअर आणि गाडीमालकाचे कर्तव्य

(वडगाव मावळ येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात उभे राहणाऱ्याने शिक्षणावर किंवा विवाहखर्चावर बोलावे, असा प्रघात आहे. आम्ही मात्र आज ट्रकच्या गिअरबॉक्सवर बोलणार आहोत, याबद्दल क्षमा असावी. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची चूल मालवाहतुकीवर पेटते, आणि नवी गाडी घेताना ‘गिअर हाताचा घ्यावा की स्वयंचलित?’ असे तरुण मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. गाडीचे हप्ते साऱ्या घराला फेडावे लागतात. म्हणून हा प्रश्नही साऱ्या घराचाच आहे.

या विषयास वडगावाइतके योग्य स्थळ नाही. बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज १७७९ च्या जानेवारीत अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून मागे फिरली. तिला महादजी शिंद्यांच्या सैन्याने येथेच कोंडले आणि तह करावयास लावला. ओझे घाटावर आणणे निराळे आणि ते सुखरूप परत नेणे निराळे, हा धडा या मातीत तेव्हापासून आहे. १८३० साली याच घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तरी तो धडा जुना झालेला नाही.

आता यंत्राकडे वळू. हाताच्या गिअरमध्ये क्लच दाबणे व दांडा फिरवणे हे ड्रायव्हरचे काम. ही रचना स्वस्त, मजबूत आणि कोणत्याही गावच्या फिटरला दुरुस्त करता येण्याजोगी. ज्यास बाजारात ‘एएमटी’ म्हणतात, त्याच्या पोटात बहुतांशी तीच दातेरी चक्रे असतात. परंतु क्लचचे व दांड्याचे काम संगणकाच्या आज्ञेने, बहुधा दाबलेल्या हवेच्या जोरावर होते. क्लचचे पायडल नसते. तिसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते; चाल मऊ असते, पण किंमत अधिक. खाणीतील डंपर, अग्निशामक गाड्या, शहरातील बस अशा ठिकाणी तो शोभतो. आपल्या मंडळींची निवड बहुधा पहिल्या दोहोंतच असते.

चाकणहून उरणच्या बंदराकडे जाणारा ट्रेलर घाटातील कोंडीत अडकला, की ड्रायव्हरला क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो. त्याचा गुडघा आणि कंबर यांची झीज कोणत्याही हिशेबवहीत लिहिली जात नाही. एएमटी ही झीज टाळते. नवशिक्याच्या हातून क्लच प्लेट जळण्याचे प्रमाणही कमी करते. तथापि चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली, तर तिचाही क्लच तापतोच.

खरी परीक्षा उताराची. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत पाचशे मीटरांहून अधिक उतार आहे. तीस टनांचे ओझे पाचशे मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने साडेचारशे लिटर गार पाणी उकळेल. काही भाग वारा व टायर घेतात. उरलेली सारी ब्रेक ड्रमवर टाकली, तर लायनर तापून ब्रेक पकड सोडतात. तो भार इंजिनाने, एक्झॉस्ट ब्रेकने व असल्यास रिटार्डरने उचलावा. उतारावर बैल जू मागे रेटून गाडी रोखतात. तेच काम खालच्या गिअरमधील इंजिन करते. न्यूट्रलमध्ये उतरणारा ड्रायव्हर म्हणजे भर उतारात बैल सोडून देणारा गाडीवान होय.

‘न्यूट्रलने डिझेल वाचते’ हा समज घाटात तर सर्वस्वी फोल आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. एके काळी आम्ही डिझेलचा दर खेपेचा हिशेब घेत असू आणि दोन लिटर अधिक लागले तरी ड्रायव्हरला बोल लावीत असू. एका रात्री घाटाच्या पायथ्याशी त्याची गाडी उभी दिसली. चाकांतून धूर येत होता. तो एवढेच म्हणाला, “मालक, तुमचं डिझेल वाचवत होतो.” न्यूट्रल त्याने केला होता खरा, परंतु तो करावयास आम्ही लावले होते. त्या दिवसापासून डिझेलची कापणी आम्ही बंद केली.

स्वयंचलित गिअर घेतल्याने हे कर्तव्य चुकत नाही. संगणक चढउतार ओळखील. परंतु वळणापलीकडे थांबलेली गाड्यांची रांग त्यास दिसत नाही. म्हणून एएमटी असली तरी उतार लागण्यापूर्वीच हाताने खालचा गिअर धरावा. ‘ज्या गिअरने चढावे, त्याच गिअरने उतरावे’ हा नियम जुन्या इंजिनांचा. आजची इंजिने जोरकस, ती वरच्या गिअरमध्येही चढतात. सबब उतरताना आणखी एक गिअर खाली असावा.

तेव्हा आमचे मत असे. घाट, कोंडी आणि लांब पल्ला हा नित्याचा मार्ग असेल व अधिकृत दुरुस्तीची सोय जवळ असेल, तर अधिक पैसे मोजून एएमटी घ्यावी. आडरानातील खडी-मुरुमाचे काम असेल आणि भरवसा गावच्या फिटरवरच असेल, तर हाताचा गिअर बरा. मात्र निर्णयापूर्वी आपल्या ड्रायव्हरला शेजारी बसवून विचारावे; कारण बचत मालकाची असते, श्रम त्याचे असतात आणि घाटात जीवही त्याचाच असतो.

येत्या खंडेनवमीस गाडीला हार घालताना तिच्या चालकासही मानाने पुढे बोलवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.