मापाची गाडी

ज्वारीच्या कडब्यातून एक चांगले जाड ताट निवडावे, वरचे साल दातांनी सोलावे, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे करावेत आणि सालाच्या काड्या त्यांत खुपसून बैलगाडी उभी करावी, हा उद्योग सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने लहानपणी केला नाही असे सहसा होत नाही. साल सोलताना ओठ कापायचा. पण गाडी तयार व्हायची. चाके वाटोळी हवीत म्हणून बाटल्यांची झाकणे यायची. आस हवा म्हणून सायकलची जुनी स्पोक यायची. या सगळ्याला पैसा लागत नसे आणि ते कुणी वर्गात शिकवीतही नसे.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या खेळाच्या थोरल्या भावाविषयी. एखादी खरीखुरी गाडी, म्हणजे एस.टी.ची बस, मालट्रक, ट्रॅक्टर किंवा आगगाडीचा डबा पाहायचा, मोजायचा आणि तिची मापाबरहुकूम लहान प्रतिकृती घरी करायची. दुकानात तयार भागांचे संच मिळतात. चित्र पाहून ते चिकटवले की गाडी तयार होते. त्यातही मौज आहे, नाही असे नाही. पण मी सांगतो आहे ती रीत मुळापासून करण्याची आहे. एकही भाग विकत आणायचा नाही, प्रत्येक तुकडा आपण आखायचा आणि आपणच कापायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग ज्वारीच्या ताटाच्या गाडीत आणि हिच्यात फरक तो काय? फरक मापाचा. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात तो आठवा. बुरुज वीतभर उंच, आणि त्यावर उभा केलेला मावळा बुरुजाच्या निम्म्याने! त्या बिचाऱ्याला गडाच्या दरवाजातून आत जायचे म्हटले तर आडवे होऊनही जाता यायचे नाही. खेळात ते चालते. प्रतिकृतीत मात्र एकदा प्रमाण ठरले की ते सगळ्यांना सारखेच लागू. बसला जे प्रमाण तेच चाकाला, तेच खिडकीला आणि तेच आत बसलेल्या माणसालाही.

घरच्या कामाला २५ला १ हे प्रमाण मला सोयीचे वाटते. खऱ्या गाडीचा १ मीटर म्हणजे प्रतिकृतीतले ४ सेंटिमीटर. बस साडेदहा मीटर लांब भरली तर प्रतिकृती ४२ सेंटिमीटर होईल. रुंदी अडीच मीटर असेल तर १० सेंटिमीटर. हिशेब तोंडी करता येतो. पण पुढे एक गंमत आहे. लांबी २५ पटीने कमी झाली की आकारमान २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५ पटीने कमी होते. समजा, खऱ्या बसचे वजन १० टन आहे. तर त्याच धातूची, त्याच मापाने केलेली लहान बस भरेल सुमारे ६४० ग्रॅम. आणि बसचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा प्रतिकृतीत ०.०४ मिलिमीटर व्हायला हवा, म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ! तसा पत्रा घरी कुठून आणणार, आणि आणला तरी तो उभा कसा राहणार? तेव्हा कुठे माप काटेकोर पाळायचे आणि कुठे नजरेला पटेल एवढ्यावर थांबायचे, हे करणाऱ्यालाच ठरवावे लागते.

हे सारे मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर आज बोलायला उभा राहिलो नसतो. मी इतिहासाचा मास्तर; माझा आणि कात्री-पुठ्ठ्याचा संबंध शाळेबरोबरच सुटला होता. तो पुन्हा जुळला कुंभारीत.

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. नावावरून मातीची आणि चाकाची आठवण व्हावी, पण अलीकडे ते ओळखले जाते ते विडी कामगार बायांच्या घरांमुळे. गोदूताई परुळेकरांच्या नावाने इथे या कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली घरांच्या किल्ल्या त्यांच्या हातात पडल्या. त्या वसाहतीतला एक मुलगा आमच्या कॉलेजात अकरावीला होता. एकदा त्याच्या घरी गेलो, तर आईने दारातच गाऱ्हाणे घातले.

"सर, तुम्ही तरी सांगा की याला. परीक्षा तोंडावर आलीय आणि हा बघा, पुठ्ठे कापत बसायलाय."

मीही मास्तरी आवाजात म्हणालो, "बाळ, आधी परीक्षा. हे खेळ मग."

मुलगा काही बोलला नाही. त्याने पुठ्ठ्याची लाल बस पलंगाखाली सरकवली. सरकवताना मला तिची एक बाजू दिसली. खिडक्यांची रांग वाकडी होती, एकही खिडकी दुसरीसारखी नव्हती. ते त्याच्याही मनाला लागले असावे, कारण तो आपण होऊनच म्हणाला, "सर, माप बरोबर घेतलंय. कापतानाच चुकतंय."

आई समोरच सूप मांडीवर घेऊन बसली होती. विडीचे काम तुम्ही पाहिले असेल. तेंदूचे पान ओले करून घ्यायचे, त्यावर पत्र्याचा मापाचा फर्मा ठेवायचा आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे, आणि पान लहानमोठे झाले तर विडी नापास होते. त्या बाईने मुलाच्या हातातला पुठ्ठा घेतला, क्षणभर पाहिला आणि म्हणाली, "एकेक खिडकी काय आखतोस? एक फर्मा कर की!" बोलता बोलता तिने जाड पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून त्याच्यापुढे टाकला. तो फर्मा ठेवून त्याने खिडक्या आखल्या, तेव्हा सगळ्या एका रांगेत आणि एका मापाच्या आल्या.

"अक्का, तुम्ही हे कुठं शिकलात?" मी विचारले.

"त्यात शिकायचं काय सर? रोजचंच आहे," ती म्हणाली आणि पुन्हा पानांकडे वळली.

मी घरी आलो तो थोडा ओशाळून. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुणोत्तर-प्रमाण हातांनी करीत होता, त्याची आई त्याला नेमका अडलेला धडा देत होती, आणि त्या खोलीत उपदेश करणारा एकटा मीच होतो! पुढे मी अधूनमधून जाऊ लागलो आणि त्या मुलाकडून ही कला थोडीफार शिकलो. त्याच्याकडून घेतलेल्या चार गोष्टी तुम्हाला देतो.

पहिली गोष्ट मोजण्याची. बस थांब्यावर उभी असताना टेप घेऊन तिच्याभोवती फिरायला कुणी देत नाही, आणि ते सुरक्षितही नाही. मग काय करावे? टायरवर आकडे असतात. १०.००-२० असे लिहिलेले असेल तर त्यातला २० हा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे ५०८ मिलिमीटर हे एक माप पक्के हाती आले. बाजूने, थोडे लांब उभे राहून, सरळ समोरून फोटो घ्यावा. फोटोतल्या रिमवरून फोटोचे प्रमाण काढावे आणि बाकीची मापे त्यावरून मोजावीत. आपल्या प्रमाणात हा रिम २ सेंटिमीटरांहून किंचित मोठा होतो.

दुसरी गोष्ट सामानाची. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी फार उत्तम. घट्ट, गुळगुळीत आणि लग्नसराईत घरोघर फुकट. मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण खिडक्यांच्या काचांना चालते. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद दिव्यांना, जुन्या चपलेचा रबर टायरना आणि सायकलची स्पोक आसाला.

तिसरी गोष्ट हाताची. पुठ्ठ्यालाही लाकडासारखा उभा-आडवा धागा असतो. एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने मोडतो. बसच्या छताची गोलाई काढायची तर आधी वाकवून पाहावे आणि सहज वळेल ती दिशा घ्यावी. घडी घालायची तिथे पात्याने अर्धाच काप द्यावा. आरपार कापायचे तर पोलादी पट्टी धरून तीन-चार हलके काप द्यावेत. एकाच दणक्यात कापायला गेलात तर पट्टी सरकेल आणि बोट जाईल. लहान मुलांच्या हाती पाते देऊच नये. त्यांना कात्री पुरे.

चौथी गोष्ट रंगाची. खऱ्या बसचा लाल रंग आहे तसा दिलात तर लहान बस उगीच काळसर दिसते. लांबची वस्तू डोळ्याला थोडी फिकी दिसते आणि लहान प्रतिकृती म्हणजे लांबून पाहिलेली वस्तूच. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा.

अशा कामाला आपल्याकडे थोर सोबतही आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी हौसेपोटी छोट्या आगगाड्यांचे एक संपूर्ण नगर उभे केले. त्यांचे हे संग्रहालय १९९८ साली लोकांना खुले झाले. तिथल्या गाड्या ८७ला १ या प्रमाणाच्या आहेत. अरविंद गुप्ता यांचे नाव तर शिक्षकांना ठाऊकच आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीच्या आकृत्या मुलांच्या हातात दिल्या. पुढे पुण्याच्या आयुकात बसून टाकाऊ वस्तूंची कितीतरी खेळणी केली. साधे सामान ही अडचण नसते, एवढे या दोघांकडे पाहून पटते.

या सगळ्याने मलाही जोर आला आणि मी ठरवले की आपण बार्शी लाइटचा डबा करावा. सोलापूर जिल्ह्याला त्या गाडीची ओळख करून द्यायला नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने आखलेली ही अरुंद रेल्वे १८९७ साली सुरू झाली. दोन रुळांमध्ये अंतर अवघे अडीच फूट. प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे धरून त्याने रूळ, डबे, वाघिणी सारे एका हिशेबात बसवले. पुढे ती एका बाजूला लातूरला आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ टप्प्याटप्प्याने रुंद होत गेले तशी ती इतिहासजमा झाली. २५ला १ या प्रमाणात तिचे रूळ मांडले तर अंतर भरते सुमारे ३ सेंटिमीटर. आजच्या रुंद मार्गाचे भरते ६.७ सेंटिमीटर. शेजारी शेजारी ठेवले की डोळ्यांना कळते, काय बदलले ते.

कुर्डुवाडीहून पंढरपूरला मी लहानपणी आईबरोबर त्या गाडीने गेलो होतो. त्यामुळे कागद समोर ओढला तेव्हा वाटले, हे काय, डोळे मिटूनही काढीन. डोळे मिटले. आणि मित्रहो, काही सुचेना! डब्याला खिडक्या किती? दार आत उघडायचे की बाहेर? पायऱ्या किती होत्या? इंजिनाचा आवाज आठवत होता, धूर आठवत होता, आईच्या पदरातल्या भुईमुगाच्या शेंगा आठवत होत्या. जे मोजायचे ते मात्र काहीच नव्हते. माझ्याजवळ होते ते फोटो पाहिले, तर ते सगळे इंजिनाचे. डबे मागे कुठे तरी अंधूक. इतिहास शिकवणारा माणूस मी. पाठीमागच्या तीनशे वर्षांच्या तारखा सांगतो, आणि ज्या गाडीत बसलो तिची पायरी मला सांगता आली नाही.

शेवटी आईला विचारले. ती म्हणाली, "आकडे मला काय ठाऊक? पण तू लहान, तुला उचलून वर ठेवावं लागायचं." आणि तिने उभे राहून, मला काखेत धरल्यासारखे करून, हात जिथवर उचलावे लागत तिथवर उचलून दाखवले. मी टेप लावला आणि आकडा लिहून घेतला. माझ्या नकाशावर तेवढे एकच माप आज शाईने लिहिलेले आहे. बाकीची पेन्सिलीत आहेत. जुने रेल्वे कामगार भेटतील तसतशी ती पक्की करीत चाललो आहे.

ही हकीकत मी त्या मुलाला सांगितली. तोवर परीक्षा होऊन गेली होती. तो पास झाला. पहिला वगैरे आला नाही, आणि बसमुळे त्याचे गणित सुधारले असे मी म्हणणार नाही. बस मात्र पुरी झाली होती. आईने ती हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिली आणि विचारले, "यात कंडक्टर कुठं बसतो रे?" तो राहिलाच होता! मुलाने छत काढून कंडक्टरची जागा केली, तेव्हा कुठे ती पास झाली.

बार्शीच्या गाडीची गोष्ट ऐकून मुलगा काही वेळ गप्प बसला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो आईच्या सुपाला टेप लावत होता. सूप, कात्री, पानांचा जुडगा, पत्र्याचा फर्मा, भिंतीपासून तिच्या बैठकीचे अंतर, सारे वहीत उतरवीत होता. आई हसून म्हणाली, "आता माझंच घर करायलाय म्हणे, एवढंसं." मी विचारले, "प्रमाण काय रे धरलंस?" तो म्हणाला, "१२ला १, सर. फर्मा दिसला पाहिजे ना."

वाचकहो, तुमच्याही घरात, गल्लीत, शेतात अशी एखादी वस्तू असेल. मोट असेल, टांगा असेल, हातमाग असेल, नाही तर दारावरून रोज जाणारी बस असेल. प्रतिकृती करायला पुढे सवड मिळेल. पण येत्या रविवारी टेप, वही आणि घरातले एखादे मूल बरोबर घेऊन तिची मापे तेवढी उतरवून ठेवा. ती समोर उभी आहे तोवर हे काम तासाभराचे आहे.