जत्रेचा आराखडा : लंडनच्या काचमहालापासून अजिंठ्याच्या पायथ्यापर्यंत



डिसेंबर १८६६च्या अखेरीस लंडनच्या दक्षिणेला, सिडनहॅमच्या टेकडीवर, एका अवाढव्य काचमहालाला आग लागली. त्याचं नाव क्रिस्टल पॅलेस. महालाची उत्तरेकडची बाजू आगीत भस्मसात झाली आणि तिच्याबरोबर मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षं बसून कॅनव्हासवर उतरवलेली तैलचित्रंही गेली. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये या कामावर नेमलेल्या गिल यांच्या जवळपास दोन दशकांच्या मेहनतीतल्या मोजक्याच प्रती वाचल्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

आपल्याकडे गिल यांचं नाव निघतं ते पारोबरोबरच्या त्यांच्या प्रेमकथेच्या ओघात. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेने आणि नितीन चंद्रकांत देसाई यांच्या २०१२ मधल्या चित्रपटाने ती कथा घरोघरी पोचवली. पण अजिंठ्याची चित्रं त्या काचमहालात कशासाठी टांगली होती, हे सहसा कुणी विचारत नाही. ते विचारलं, की थीम पार्क नावाची गोष्ट कुठून आली, तिचा आराखडा कसा घडला आणि अजिंठा-वेरूळच्या आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, हे उलगडत जातं.

क्रिस्टल पॅलेस मुळात १८५१च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभा राहिला. जोसेफ पॅक्स्टन यांनी तो लोखंडी सांगाड्यात काचा बसवून रचला. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर तिकिटं खपली. प्रदर्शन संपल्यावर एका खासगी कंपनीने महाल उतरवला, सिडनहॅमला नेऊन आणखी मोठा बांधला आणि जून १८५४ मध्ये लोकांसाठी खुला केला. मग त्याचं रूपच पालटलं. इजिप्त, ग्रीस, रोम, स्पेनमधला अल्हंब्रा अशी एकेका संस्कृतीची दालनं तिथे उभी केली गेली. प्रेक्षकाने एका दालनातून निघायचं आणि दुसऱ्या युगात शिरायचं. बाहेर बागेत तळ्याकाठी बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडवलेले डायनोसॉर मांडले होते, ते आजही तिथे आहेत. माणसं आणण्यासाठी खास रेल्वे होती. दूरची जागा जवळ आणून उभी करायची, बघण्याचा क्रम ठरवून द्यायचा, तिकीट लावायचं आणि हे सगळं वर्षभर चालवायचं : थीम पार्कचे चारही खांब सिडनहॅमला रोवले गेले होते. लंडनचा गिरणीकामगार फर्दापूरच्या घाटात येणं शक्य नव्हतं. म्हणून लेणं त्याच्याकडे गेलं.

प्रदर्शनांच्या लाटेची आपल्या बाजूलाही पक्की खूण आहे. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबईत वस्तू गोळा झाल्या आणि त्यातून एक संग्रहालय आकाराला आलं. भायखळ्याची त्याची इमारत १८७२ मध्ये खुली झाली आणि आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. त्या संग्रहालयासाठी झटणाऱ्या भाऊ दाजींनीच अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले होते. १८७२ मध्येच जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण चित्रकार त्या तुकडीत होते. सुमारे तेरा वर्षं काम चाललं. प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनला गेल्या आणि १८८५च्या आगीत त्यातल्या कित्येक जळाल्या. पुढे जपानी चित्रकारांनी केलेल्या प्रती टोकियोत १९२३च्या भूकंपात नष्ट झाल्या. आपलं लेणं त्या काळात जगभर फिरलं ते प्रतिकृतींच्या रूपात, आणि त्या प्रतिकृती जपण्याची व्यवस्था मात्र दर वेळी तोकडी पडली.

आता अमेरिकेकडे वळू. १८९३चं शिकागो मराठी घरांत माहीत आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. ज्या सर्वधर्म परिषदेत ते बोलले, ती त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाचाच एक भाग होती. प्रदर्शनाचा मुख्य परिसर पांढऱ्या भव्य इमारतींचा होता, आणि बाजूला ‘मिडवे’ नावाची मैलभर लांब पट्टी होती. तिथे कैरोची गल्ली वसवली होती, नाच होते, खाणं होतं आणि २६४ फूट उंचीचं चाक होतं. जॉर्ज फेरिस या पुलांच्या इंजिनिअरने उभारलेल्या त्या चाकाला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात साठ माणसं मावत. नवरात्रात आपल्या कर्णपुऱ्याच्या यात्रेत जो आकाशपाळणा फिरतो, तो याच घराण्यातला. हाताने फिरवायचे लाकडी रहाटपाळणे मात्र जत्रांमध्ये फेरिसच्याही कितीतरी आधीपासून होते. शिकागोने त्यात पोलाद घातलं, वाफेचं इंजिन जोडलं आणि पाळण्याला शहराच्या आकाशरेषेवर जागा दिली.

मिडवेने रचनाकारांना मोठा धडा दिला. ज्ञानाचा भाग एकीकडे आणि मौजेचा दुसरीकडे ठेवला, तर गर्दी मौजेकडे सरकते. पुढच्या लोकांनी म्हणून दोन्ही एकत्र विणले. १९०१ मध्ये बफेलोच्या प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्प्सनने ‘चंद्राची सफर’ उभारली. पंख हलवणाऱ्या विमानात बसून माणसं चंद्रावर ‘उतरत’. प्रदर्शन संपल्यावर ही सफर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला गेली आणि १९०३ मध्ये तिथे लूना पार्क उभं राहिलं. चार-सहा महिन्यांच्या मांडवातला खेळ कायमच्या घरात राहायला गेला.

शिकागोच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर एलायस डिस्ने नावाचा सुतार होता. त्याचा मुलगा वॉल्ट. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं, पण त्याच्या यंत्रणेतली मोठी झेप आली ती १९६४च्या न्यूयॉर्क प्रदर्शनातून. डिस्नेच्या लोकांनी तिथे वेगवेगळ्या कंपन्यांसाठी आणि इलिनॉय राज्यासाठी मिळून चार दालनं केली. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये प्रेक्षक होडीत बसून जगभरच्या बाहुल्यांमधून जात. दुसऱ्या एका दालनात रंगमंच जागेवर स्थिर असे आणि प्रेक्षागृहच त्याभोवती फिरे. न्यूयॉर्कमध्येच १९३९ साली जनरल मोटर्सच्या ‘फ्युच्युरामा’त नॉर्मन बेल गेडिस यांनी सरकत्या खुर्च्यांवरून लोकांना भविष्यातलं शहर दाखवलं होतं. त्या साऱ्यांमागचा प्रश्न एकच : दिवसाला हजारो माणसं आली, तरी प्रत्येकाला दृश्य पूर्ण आणि योग्य क्रमाने कसं दिसेल? उत्तर होतं, गर्दी थांबवू नका, तिला दृश्यासमोरून वाहती ठेवा. डिस्नेलँडमधलं ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आधी पायी फिरायचं मेणपुतळ्यांचं दालन ठरलं होतं. न्यूयॉर्कचा अनुभव पाहून ते होडीचं केलं गेलं आणि १९६७ मध्ये सुरू झालं.

हा वारसा महाराष्ट्रात मनोरंजनाच्या वाटेने आला. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, २०१३ मध्ये खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांचं इमॅजिका. पण त्याच २०१३ मध्ये आपल्या जिल्ह्यात जे घडलं, ते या इतिहासाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. जपानी कर्जसाहाय्याच्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पातून दोन अभ्यागत केंद्रं उभी राहिली. वेरूळच्या केंद्रात कैलास लेण्याची प्रतिकृती आहे. अजिंठ्याच्या टी-पॉइंटजवळच्या केंद्रात १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती आहेत. सिडनहॅमची दालनं जे करत होती, तेच इथे, फक्त मूळ लेण्यापासून चारेक किलोमीटरवर.

हे किती गरजेचं आहे, ते फ्रान्सकडे पाहून कळेल. लास्कोची चित्रगुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांच्या श्वासातल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने भिंतींवर शेवाळ धरलं होतं. १९८३ मध्ये जवळच पहिली मोठी प्रतिकृती उघडली, २०१६ मध्ये त्याहून मोठं केंद्र. लोक आजही लास्कोला जातात, प्रतिकृती बघतात आणि समाधानाने परततात. अजिंठ्याची चित्रंही नाजूक आहेत. शंभर वर्षांपूर्वी निजामाच्या पुरातत्त्व खात्याने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं होतं. त्यांनी निखळणारा गिलावा सावरला, पण तेव्हा चढवलेला शेलॅकचा थर पुढे पिवळा पडला आणि अलीकडच्या संवर्धकांना तो काढत बसावं लागलं. आज फ्लॅशला बंदी आहे, चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. सुटीच्या दिवशी बाहेर रांग वाढते आणि आत गेलेल्याला अंधूक उजेडात जेमतेम काही मिनिटं मिळतात.

प्रतिकृती मूळ लेण्याच्या पुढे जाऊ शकते ती इथेच. दीटर श्लिंग्लॉफ या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं, की अजिंठ्यातल्या जातककथा काळाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. चित्रकारांनी प्रसंग जागेप्रमाणे बसवले : राजवाड्यातलं सगळं एकीकडे, अरण्यातलं दुसरीकडे. सतराव्या लेण्यातली विश्वंतराची कथा वाचायची, तर नजरेला भिंतीवर मागे-पुढे फिरावं लागतं. जाणकार माणूस सोबत नसेल, तर बघणाऱ्याला कथेचा धागाच सापडत नाही. मूळ भिंतीवर प्रसंगामागून प्रसंग उजळणारे दिवे लावता येणार नाहीत. प्रतिकृतीत ते लावता येतात. राजपुत्राचं दान, नगरत्याग, वनवास, मुलांची ताटातूट, पुनर्भेट असे प्रसंग एकेक उजळत गेले आणि मराठीत कथा ऐकू आली, तर सिल्लोड तालुक्यातली दहा वर्षांची मुलगीही ती भिंत वाचू शकेल. न्यूयॉर्कच्या होड्यांनी शिकवलेली कला इथे कामी येते, आणि इथे ती कुठल्या कंपनीच्या जाहिरातीसाठी नाही.

मात्र २०१८ मध्ये पाणी आणि विजेची बिलं थकल्याने ही दोन्ही केंद्रं बंद पडली. हे वाचून कुठल्याही अजिंठाप्रेमी माणसाला वेदना व्हावी. कोट्यवधींचं बांधकाम अडलं ते रोजच्या खर्चाच्या तरतुदीपाशी. प्रदर्शनांचा इतिहास इथे स्पष्ट बोलतो. १८८९चा आयफेल टॉवर वीस वर्षांच्या परवान्यावर उभा होता आणि टिकला तो बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडल्यामुळे. ‘स्मॉल वर्ल्ड’ १९६६ पासून कॅलिफोर्नियात चाललं आहे, कारण ते रोज झाडणारे, रंगवणारे, दुरुस्त करणारे हात तिथे पगारावर आहेत. थीम पार्कच्या आराखड्यात इमारतीइतकाच मोठा कागद देखभालीचा असतो.

म्हणून या व्यासपीठावरून चार गोष्टी मांडाव्याशा वाटतात. अजिंठ्याला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला टप्पा अभ्यागत केंद्र असावा आणि लेण्यांच्या बसचं तिकीट तिथूनच मिळावं. आधी प्रतिकृतीत कथा समजून घेतली, की मूळ लेण्यातली थोडी मिनिटं शोधण्यात जाणार नाहीत, बघण्यात जातील. दुसरं, प्रतिकृती रंगवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम इथल्या कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडे वर्षागणिक सोपवावं. ग्रिफिथ्सच्या तुकडीने जे शिक्षण घेतलं, ते आपल्या मुलांना घराजवळ मिळेल. तिसरं, मेजर गिल, ग्रिफिथ्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांच्या जळालेल्या नि उरलेल्या प्रतींची हकिकत सांगणारं एक दालन तिथे असावं. आणि चौथं, वीज, पाणी, सफाई आणि मार्गदर्शकांचा पगार यांसाठी तिकिटाच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा कायद्याने राखून ठेवावा, म्हणजे एका थकलेल्या बिलाने दार बंद होणार नाही. यातल्या एकाही गोष्टीला नवं बांधकाम लागत नाही. या सभागृहातले वकील, शिक्षक, चित्रकार आणि हॉटेल व्यावसायिक यांनी मिळून हा मसुदा लिहून काढला आणि तो लोकप्रतिनिधींच्या हाती दिला, तर पुढच्या हंगामाच्या अंदाजपत्रकात त्याला जागा मागता येईल.