‘केले’ की ‘करले’?



‘भर’चे भूतकाळी रूप ‘भरले’. मग ‘कर’चे ‘केले’, ‘मर’चे ‘मेले’ असा स्वर का पालटतो? ही रूपे संस्कृत ‘कृत’, ‘मृत’ यांपासून प्राकृतातून आली आणि नित्य वापराने टिकली. नियम व परंपरा यांची ओढाताण इंग्रजीतही दिसते. ‘हेल्प’चे जुने ‘होल्प’ जाऊन ‘हेल्प्ड’ आले. उलट ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह’च्या धर्तीवर अमेरिकेत ‘डाइव्ह’चे ‘डोव्ह’ रूढ झाले.

ग्वाल्हेरच्या मराठी घरात नातू ‘मी करलं’ म्हणाला, तर हसू नये. ‘भरलं’वरून त्याने नियम ओळखला आहे. आपण हसलो, तर तो ‘किया’ म्हणून मोकळा होईल. ‘केले’ या वाचनालयाच्या ग्रंथांत सुरक्षित आहे. नातवंडांच्या मुखी ते राहावे, यासाठी घरात त्यांच्याशी मराठीतच बोलले पाहिजे.