पाटीवरची अक्षरे आणि नोंदवहीतले नाव

(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दातदुखीसारखा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती वाहणारा हमाल किंवा सेनगाव तालुक्यातून मजुरीला आलेली बाई ठणकणारी दाढ घेऊन नव्याने उघडलेल्या दवाखान्याच्या पायरीवर उभी राहते, तेव्हा तिच्यापुढे एक पाटी असते. पाटीवर दातांचे चित्र, ‘डॉक्टर’ हा शब्द आणि पुढे काही अक्षरे. ती अक्षरे खरी की खोटी हे ठरविण्याचे कोणतेही साधन तिच्यापाशी नसते. ज्याच्यापुढे तोंड उघडून बसायचे त्यालाच ‘तुमची पदवी कोणती, नोंदणी कुठली’ असे विचारण्याचे धैर्य पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनाही होत नाही. मग जिला एका दिवसाची मजुरी बुडवून येथे यावे लागले, तिच्याकडून ही अपेक्षा कोणी करावी?

वास्तविक पाहता प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर मिळण्याची सोय कायद्याने करून ठेवलेली आहे. दंतवैद्यकाचा कायदा मार्च १९४८ मध्ये झाला. (त्या वेळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती, भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.) ह्या कायद्यान्वये भारतीय दंत परिषद व राज्यांच्या परिषदा अस्तित्वात आल्या आणि दंतवैद्यांची नोंदवही ठेवण्याचे काम राज्य परिषदेकडे आले. तिचे दोन भाग होते. पहिल्यात मान्यताप्राप्त पदवीधारक. दुसऱ्यात पदवी नसलेले, पण आधीपासून ह्याच धंद्यावर पोट भरणारे. ती सवलत त्या पिढीपुरती होती. आज चाळिशीतला कोणी ‘वडिलांकडून विद्या शिकलो’ असे सांगू लागला, तर त्या विद्येला कायद्यात जागा नाही.

आज दंतवैद्य म्हणवणाऱ्याजवळ किमान बी.डी.एस. ही पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. २०१४ च्या आचारसंहितेनुसार हा क्रमांक दवाखान्यात लावलेला असावा लागतो, आणि औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशाच्या पावतीवरही छापलेला असावा लागतो. म्हणजे तोंडी प्रश्न विचारण्याचा संकोच वाटला, तरी नुसती पावती मागितली की निम्मे काम होते. पावतीच मिळत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. क्रमांक मिळाल्यावर तो मुंबईच्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडून पडताळून घ्यावा आणि नूतनीकरण झाले आहे की नाही तेही पाहावे. येथे एक सावधगिरी हवी. आपला भाग तेलंगणा-कर्नाटकाला जवळ. तिकडे शिकून आलेल्या डॉक्टराचे नाव तिकडच्या परिषदेत असू शकते. महाराष्ट्राच्या नोंदवहीत नाव दिसले नाही एवढ्यावर एखाद्या प्रामाणिक तरुणाला भोंदू ठरवून बोंब मारणे हा अन्याय होईल.

फसवणूक नेहमी सोंग घेऊनच येते असेही नाही. दाताची कवळी बनविणाऱ्या कारागिराला, म्हणजे डेंटल मेकॅनिकला, कायद्यात स्वतंत्र स्थान आहे. त्याचे कौशल्य खरे असते आणि ते हलके लेखण्याचे कारण नाही. परंतु डॉक्टराच्या हाताखाली दहा वर्षे काढल्यावर तो वेगळे दुकान थाटतो आणि दाढ काढू लागतो, तेव्हा कवळी बनविणे आणि जिवंत हिरडीत सुई घालणे ह्यांतील सीमारेषा पुसली जाते. रोग्याला मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे त्याने विचारायचे असते हेच त्याला कोणी शिकविलेले नसते. पदवीधारकांतही पाटीवर ‘अमुक तज्ज्ञ’ लिहिण्याची हौस असते. चार दिवसांच्या वर्गाचे प्रशस्तिपत्र म्हणजे एम.डी.एस. नव्हे.

एक पाऊल पुढे जाऊन पाहिले पाहिजे. मराठवाड्यात तंबाखू-चुना आणि मिसरी घराघरांत आहे. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असूनही तो कोणत्या टपरीवर मिळतो, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा उठतो, तोंड पुरते उघडेनासे होते. शिकलेला दंतवैद्य तो चट्टा पाहून थबकतो, तुकडा तपासणीला पाठवायला सांगतो. न शिकलेला मलम लावून पुढल्या बाजाराला बोलावतो. त्या मलमात जे महिने जातात, ते तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्याला परत मिळत नाहीत. बोगस डॉक्टराचा खरा अपराध बहुधा हाच असतो, आणि तो कोणत्याही पोलीस पंचनाम्यात येत नाही.

नोंदणी पाहिली म्हणजे सारे पाहिले असेही नाही. २०२३ साली तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे एका दंत दवाखान्यातील दूषित सलाईनमुळे मेंदूपर्यंत जंतू जाऊन आठ जण दगावले. तेव्हा अवजारे कशात उकळतात, सुई नवी फोडली का, हे रोग्याने विचारावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

आता मुळाकडे. १९४८ च्या कायद्यात एक विलक्षण कलम आहे. तातडीची वेळ असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य उपलब्ध नसेल, तर कोणीही दात काढू शकेल. अट एवढीच की भुलीचे औषध वापरता कामा नये. अडाणी हातात भूल धोक्याची, हा त्यातील विचार समजण्यासारखा आहे. परंतु कळमनुरीच्या एखाद्या खेड्यातून हे कलम वाचले, तर त्याचा अर्थ असा निघतो की जेथे डॉक्टर पोहोचला नाही तेथील माणसाच्या वाट्याला जिवंत वेदना. त्याच कायद्यात, नोंदणी नसताना ती असल्याचा दावा करणाऱ्याला पहिल्या अपराधाबद्दल दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये. तेवढ्यात हल्ली एका दाताचे सिमेंटही धड भरून होत नाही! संसदेने २०२३ साली जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली, ते योग्यच झाले. पण देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये, त्यांतील बहुतेक खाजगी. लाखो रुपये ओतून बाहेर पडलेला पदवीधर औंढ्याला किंवा सेनगावला दवाखाना टाकील कसा? तो शहराकडेच जाणार, आणि रिकाम्या जागेत स्वस्त, गोडबोल्या, उधारीवर दात काढणारा माणूस येऊन बसणार. त्याला हाकलले आणि जागा रिकामीच ठेवली, तर दुसरा येईल.

म्हणून कोणाच्याही दुकानावर मोर्चा नेऊन काचा फोडण्याचा मोह कार्यकर्त्यांनी टाळावा. नाव नोंदवहीत नाही अशी खात्री झाली, तर परिषदेकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. तपासण्याचे काम एकट्या रोग्यावर न टाकता ते गावातील शाखेने, शिक्षकांनी, महिला मंडळांनी अंगावर घ्यावे. नवी पाटी लागली की आठवड्याच्या आत क्रमांक पाहून यावा.

आणि त्याच वेळी दुसरा अर्जही जावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य आहेत. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तेव्हा माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा रुग्णालयाकडे आणि पाचही तालुक्यांतील सरकारी रुग्णालयांकडे एवढेच विचारावे : दंतशल्यचिकित्सकाची पदे मंजूर किती, भरलेली किती, दाताची खुर्ची आहे काय, असल्यास ती चालू आहे काय, आणि भुलीचे इंजेक्शन गेल्या वर्षभरात किती महिने शिल्लक होते.