चर्चने राजकारणात पडावे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागे चहाच्या पातेल्याजवळ असते. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला पुढे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून होणार नाही. विषय त्यांनीच दिला, आणि तोच का दिला हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. ज्या नवीन आल्या आहेत त्यांच्यासाठी आधी ती हकीकत सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आपल्या भागात नळ बारा-बारा दिवसांनी येऊ लागले होते. मंडळाने ठरविले की हंडे घेऊन कचेरीवर जायचे. त्याआधी सगळ्या गल्ल्यांतल्या बायांची एक बैठक घ्यायची होती. एवढ्या बाया मावतील असा हॉल जवळपास एकच, आमच्या चर्चच्या आवारातला. मी मोठ्या भरवशाने सांगितले, "हॉल मी मिळवून देते." मंडळीच्या पंचकमिटीला अर्ज केला. उत्तर आले, "हे राजकारण आहे. चर्चची जागा राजकारणासाठी देता येणार नाही." आमचे हे त्याच कमिटीवर आहेत आणि त्यांनीही नाहीच्या बाजूने हात वर केला. आज ते समोर बसले आहेत, म्हणून मागे काही बोलत नाही, पुढेच बोलते.

बैठक मग लिंबाखाली उन्हात झाली. तिथे आपल्या एका आजीबाईंनी मला विचारले, "काहून वं, तुह्या देवळातले पंखे काय फक्त निवडणुकीच्या साहेबायसाठीच फिरतात?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर तो बोल मनातून जाईना, कारण तो खरा होता. आदल्याच निवडणुकीत एक उमेदवार उपासनेला आले होते. त्यांना पहिल्या बाकावर बसविले, शाल दिली, गुच्छ दिला, त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. त्या वेळी ते राजकारण नव्हते! उमेदवाराची शाल चालते आणि शेजारणीचा हंडा चालत नाही, याचा मेळ मला लागेना. तेव्हापासून मी जे वाचले, विचारले, ते तुमच्यापुढे मांडते. तुमचे हे मंडळ, आणि आम्ही चर्चलाही मंडळीच म्हणतो, तेव्हा दोन्ही घरची म्हणूनच मी बोलते आहे.

आमच्यात या प्रश्नावर एकमत नाही, हे आधी सांगते. माझ्या सासूबाईंचे म्हणणे, "आपल्याले काय करा लागते राजकारण? आपली प्रार्थना भली." त्यांच्यासारखी पुष्कळ माणसे आहेत आणि ती मनाने खोटी नाहीत. ते प्रभू येशूची नाण्याची गोष्ट सांगतात. राजाला कर द्यावा की नाही, असे लोकांनी येशूला अडविण्यासाठी विचारले. त्याने नाणे मागविले, त्यावर चेहरा कोणाचा ते विचारले आणि म्हटले की राजाचे असेल ते राजाला द्या आणि देवाचे देवाला. तेव्हा राज्याच्या गोष्टी राज्याला, देवाच्या देवाला, असा अर्थ ते लावतात. पण शास्त्रात असेही आहे की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा केलेला आहे. नाणे राजाचे खरे, मग पाण्यासाठी रांगेत उभी असलेली बाई कोणाची? कर द्या असे येशू म्हणाला. तोंड मिटून बसा असे म्हणाल्याचे मला सापडले नाही.

आणि बायांसाठी तर शास्त्रात एस्तेर राणीचे अख्खे पुस्तक आहे. तिच्या लोकांची कत्तल करण्याचा हुकूम निघाला. राजाने बोलावल्याशिवाय त्याच्यापुढे जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. तिला लहानाची मोठी करणाऱ्या मर्दखयाने निरोप पाठविला की राजवाड्यात आहेस म्हणून तू वाचशील असे समजू नकोस. तिने तीन दिवस उपास केला आणि मग राजापुढे जाऊन उभी राहिली. उपास केला, पण नुसता उपास करून ती घरात बसली नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातलेच पाहू. पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. 1883 साली विलायतेत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. हे शाळेच्या पुस्तकात असते. 1889 च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यात ज्या मोजक्या बाया प्रतिनिधी म्हणून बसल्या त्यांत रमाबाई होत्या, हे मात्र मला ठाऊक नव्हते. आणि 1897 ची गोष्ट तर मी दोनदा वाचली. पुण्यात प्लेग आला होता. सरकारी माणसे घरात शिरून आजारी माणसांना उचलून नेत. शारदा सदनातल्याही एका मुलीला इस्पितळात नेले. तिथे बायकांचे काय हाल होतात ते रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती वर्तमानपत्रात उघड लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते नाकारले, आणि गोष्ट पार विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. आता विचार करा, राज्य इंग्रजांचे, म्हणजे ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे. रमाबाईंच्या कामाला पैसा येई तो परदेशातल्या ख्रिस्ती लोकांकडून. गप्प बसायला त्यांना आपल्या कमिटीपेक्षा किती तरी सबळ कारणे होती! तरी त्या बोलल्या, कारण इस्पितळात बाया होत्या.

मग आम्ही केव्हापासून गप्प झालो? याचे एक उत्तर मला आमच्याच घरात सापडले. आपला हा भाग पूर्वी अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा 1998 साली झाला, हे तुम्हांला माहीत आहे. पण 1956 पर्यंत वऱ्हाड हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती, हे आजच्या मुलींना सांगावे लागते. त्या सरकारने 1954 साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. समितीत एक ख्रिस्ती सभासदही होते, वर्ध्याचे एस. के. जॉर्ज, गांधीजींना मानणारे. 1956 साली अहवाल आला. मिशनरी शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर करतात, त्यामागे परदेशी पैसा आणि राजकारण आहे, असे त्यात म्हटले होते. ख्रिस्ती मंडळ्यांनी ते मान्य केले नाही. त्यातले खरे किती, खोटे किती, हा वाद मी येथे घालीत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की आमचे आजेसासरे त्या काळात तरणेताठे होते आणि तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आला: शाळा शिका, दवाखान्यात सेवा करा, प्रार्थना करा, बाहेर शब्द काढू नका. कोणी आपल्याला परके म्हणू नये म्हणून. तो नियम सासऱ्यांकडे आला, सासऱ्यांकडून ह्यांच्याकडे. ज्याला आम्ही भक्ती म्हणत आलो त्यात भीतीचा वाटा किती, हे आम्ही कधी पाहिले नाही. मी ह्यांना हे बोलून दाखविले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्धी भीतीच असेल." हॉलच्या नकाराचा माझा राग त्या दिवशी पुष्कळ ओसरला.

पण भीती हे एकच कारण नाही. आपल्या मंडळात बाबासाहेबांना मानणाऱ्या भगिनी निम्म्याहून जास्त आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. 1938 च्या जानेवारीत बाबासाहेब सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलले होते. ते भाषण आमच्या चर्चमध्ये वाचून दाखवावे असे मला फार वाटते. त्यांनी ख्रिस्ताविषयी आदर दाखविला, पण ख्रिस्ती समाजाला चांगले खडसावले. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा, की तुमच्यात शिकलेली मुलेमुली शेकड्यांनी आहेत, पण मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला की ती आपल्या कामात गुंग. अन्याय दिसला तरी त्याविरुद्ध चळवळ करीत नाहीत; आमची न शिकलेली माणसे मात्र करतात. आणि चर्चमध्ये जाऊनही जात सुटली नाही, हेही त्यांनी बोलून दाखविले. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, पण मला वाटले की हे आमच्याच पंचकमिटीला उद्देशून आहे. माझी नणंद नर्स आहे. ती हे ऐकून रागावली. मग म्हणाली, "खोटे नाही पण."

आता आमच्या चर्चचे पुढारी एका गोष्टीसाठी मात्र बोलतात, मोर्चेही काढतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या हुकुमाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शिखांना मिळाल्या, 1990 साली बौद्धांना. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. मागणी न्यायाची आहे असे मी मानते, कारण धर्म बदलला म्हणून गावाने पाणवठा लगेच मोकळा केला असे कोठे झाले नाही. माझ्या नात्यातही अशी घरे आहेत जिथे दाखल्यावर एक लिहिलेले असते आणि रविवारी उपासना दुसरीकडे असते. त्या घरातली सून रात्री नीट झोपत नाही. पण आम्ही फक्त स्वतःच्या दाखल्यासाठी रस्त्यावर उतरलो आणि शेजारणीच्या पाण्याला राजकारण म्हटले, तर आमच्या मागणीला शेजारीण काय म्हणून साथ देईल? घटना लिहिली जात होती तेव्हा घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ होते. 1949 साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून द्यायला ते आणि दुसरे ख्रिस्ती प्रतिनिधी कबूल झाले. सगळ्यांबरोबर राहू, वेगळी चूल नको, हा त्यातला भरवसा. त्या भरवशाला जागायचे तर सगळ्यांच्या दुःखात बोलावे लागते.

तसे बोललेला माणूस आपण परवापरवापर्यंत पाहिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते ते. 25 जुलै 2024 ला ते वारले. वसईत बिल्डरांनी बागायती जमिनींवर डोळा ठेवला. विहिरींतले गोडे पाणी टँकरने उपसून इमारतींना जाऊ लागले, विहिरी खारट होऊ लागल्या. तेव्हा 1980 नंतरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. धर्मगुरूने देवळात बसावे, हे काय चालविले आहे, असे त्यांनाही ऐकावे लागले. पण विहीर खारट होताना ती ख्रिस्त्याची की हिंदूची हे पाणी पाहत नाही. चळवळीत सगळ्या धर्मांची माणसे आली. पाण्यावरूनच ही गोष्ट झाली म्हणून मला ती जास्त जवळची वाटते.

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग हे तर पाळकच होते. 1955 च्या डिसेंबरात माँटगोमेरी गावात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, तो वर्षभराहून अधिक, 381 दिवस चालला. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाया पायी कामाला गेल्या. आणि त्यांच्या बैठका कोठे होत? चर्चमध्ये! हे वाचले तेव्हा मी पुस्तक तसेच उघडे घेऊन ह्यांच्यापुढे ठेवले. पण उलटे उदाहरणही सांगितले पाहिजे. जर्मनीत हिटलरच्या वेळी पुष्कळ चर्चवाले त्याच्या मागे गेले, त्याचे झेंडे चर्चमध्ये लागले. बोनहॉफर नावाच्या पाळकाने विरोध केला, त्याला 1945 साली फाशी दिले. म्हणजे चर्च राजकारणात पडले की चांगलेच होते असे नाही. सत्तेच्या मांडीवर बसले तर फार वाईट होते.

म्हणून माझे मत असे आहे. कोणाला मत द्यायचे हे पाळकांनी व्यासपीठावरून सांगू नये. आमच्या एका मंडळीत चार पक्षांची माणसे आहेत, घरातही दोन आहेत. शिवाय धर्माच्या नावावर मत मागणे 1951 च्या निवडणूक कायद्यानेही भ्रष्ट आचरण धरले आहे. उमेदवार आला तर त्याने मागच्या बाकावर बसून प्रार्थना करावी आणि जावे. शाल नको, गुच्छ नको. आमचे पाळकसाहेब स्वभावाने भिडस्त आहेत, त्यांनाही ते सोपे जाईल. पण पाण्याला, धान्याला, दारूच्या गुत्त्याला, सुनेला जाळण्याला राजकारण म्हणून हात झटकू नयेत. मग त्यात ख्रिस्ती घर असो की नसो. शास्त्रातल्या संदेष्ट्यांनी राजाला तोंडावर सुनावले ते विधवेसाठी, अनाथासाठी, परक्यासाठी. देवळाच्या जमिनीसाठी नव्हे. (आमच्याकडे जमिनीचे खटले मात्र फार हौसेने चालतात, हे जाता जाता सांगते.)

सासूबाईंना हे सगळे पटलेले नाही. त्या म्हणतात, "तुले लई समजते." पण परवा रात्री त्यांच्या प्रार्थनेत मी पहिल्यांदाच ऐकले, त्यांनी नळाचे नाव घेतले.

या वर्षीचा उन्हाळा तोंडावर आहे. मी हॉलसाठी पुन्हा अर्ज दिला आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर पंचकमिटी बसणार आहे. ह्यांनी या वेळी हात कोणत्या बाजूने वर करणार ते मला सांगितलेले नाही, आणि मी विचारलेलेही नाही. कमिटीने विचारले आहे की अर्ज कोणाकोणाचा आहे. त्यावर नुसती माझी सही आहे. ज्यांना आपली सही करावीशी वाटेल त्यांच्यासाठी कागद चहाच्या टेबलावर ठेवला आहे. अंगठाही चालेल.