हरणीचे तीन पाय
(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



प्रत्येक ज्येष्ठ सभासदानं आपल्या अनुभवातल्या एका विषयावर पंधरा मिनिटं बोलावं, असं समितीनं ठरवलं. कुणी मधुमेह घेतला, कुणी मृत्युपत्र. मी कुत्रीवर बोलणार म्हटल्यावर सचिवांनी दोनदा विचारलं, "बाई, नक्की ना?" नक्की. आपल्याकडं आज सहा-सात घरांत कुत्री आहेत आणि त्यातली बरीचशी वयाला आलेली आहेत. उद्या तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी "पाय काढावा लागेल" असं सांगितलं, तर निदान काय काय विचारायचं ते तरी ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे बोलणं. मी डॉक्टर नाही. मी शाळेत गणित शिकवलं. म्हणून जे पाहिलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, तेवढंच सांगते.

हरणीला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ती पश्मी जातीची. आपल्याच जिल्ह्यातलं, चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, पोट पाठीला टेकलेलं. ससा दिसला की बाणासारखी सुटायची, म्हणून नाव हरणी. साडेदहाव्या वर्षी ती पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. काटा नाही, जखम नाही. आठवड्याभरात मनगटाच्या वर सूज आली, हात लावला तर कडक. एक्स-रे काढला आणि हाडाचा कॅन्सर निघाला. मोठ्या चणीच्या, लांब पायांच्या कुत्र्यांत हा आजार जास्त दिसतो आणि मनगटाच्या वरची ही जागा त्याच्या ठरलेल्या जागांपैकी एक. म्हाताऱ्या कुत्र्याचं लंगडणं दर वेळी संधिवाताचंच नसतं. लंगडण्याबरोबर हाडावर कडक सूज असेल, तर लगेच एक्स-रे काढून घ्या.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, पाय काढून आजार जात नाही. दुखणं जातं." छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, तरी या आजाराच्या सूक्ष्म पेशी बहुतेक वेळा आधीच रक्तातून पसरलेल्या असतात. नुसता पाय काढला तर साधारण चार ते सहा महिने, त्यावर केमोथेरपी दिली तर दहा महिने ते वर्ष. कुणी जास्त जगतं, कुणी कमी. आणि पाय ठेवला तर? पोखरलेलं हाड एक दिवस नुसत्या उडीनं मोडतं. गोळ्यांवर ठेवायचं आणि दुखणं आवरेनासं झालं की सुई देऊन शांत करायचं, हाही एक रस्ता आहे. तो निवडणाऱ्याला कुणी निर्दय म्हणू नये.

घरात आणि जिन्यात सल्ले सुरू झाले. "म्हातारपणी कशाला हाल करता तिचे?" आपण शेतकऱ्यांची लेकरं. बैलाचा पाय मोडला की बैल संपला, हे आपण लहानपणापासून बघितलेलं. पण बैलाचं वजन चारशे किलो, हरणीचं बावीस. बैल तीन पायांवर स्वतःचा भार पेलू शकत नाही, कुत्रं बहुतेक वेळा पेलतं. मात्र पुढचा पाय जाणं हे मागचा जाण्यापेक्षा अवघड, कारण कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणून डॉक्टरांनी आधी उरलेले तीन पाय तपासले. सांधे, कंबर, पाठीचा कणा. मग हृदय, मग रक्त. रक्तात गोचीड ताप निघाला. आपल्या भागात हा फार. त्यात प्लेटलेट कमी होतात आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. आधी त्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि प्लेटलेट वर आल्यावरच तारीख मिळाली. दुसरी एक गोष्ट पश्मी पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. या सडपातळ जातींच्या अंगात चरबी कमी असते, भुलीची काही औषधं त्यांच्या अंगात जास्त वेळ राहतात. त्यामुळं भूल देणाऱ्याला जात आधी सांगा.

तरी माझा निर्णय होत नव्हता. तो झाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळं. काकांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे इथल्या नव्या मुलांना ठाऊकही नसेल, इतके ते सरळ चालतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जुन्या किल्लारीत माळवद अंगावर आलं, त्याखाली पाय सापडला. काका म्हणाले, "बाई, पाय गेल्याचं दुःख होतंच. पण लई दिवस लोक माझ्याशी बोलताना पायाकडं बघायचे, तोंडाकडं कुणी बघायचं नाही. त्याचा जास्त त्रास झाला. तुम्ही तिच्या तोंडाकडं बघा आणि ठरवा."

मी घरी येऊन बघितलं. पाय जमिनीला टेकला की तिचे कान मागं जायचे, डोळे बारीक व्हायचे. रात्री कूस बदलताना ती उठून बसायची आणि तशीच बसून राहायची. ताटलीजवळ यायची, वास घ्यायची, परत जायची. तिला पायाची काळजी नव्हती, तिला दुखत होतं. आणि आपण अडून बसलो होतो ते पायासाठी.

फेब्रुवारीत उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ऑपरेशन झालं. हे कॉलेज आपल्याच जिल्ह्यात आहे, नागपूरच्या माफसू विद्यापीठाचं. आपल्याकडचे पुष्कळ लोक तिथं फक्त गाई-म्हशींचंच बघतात असं समजतात. खांद्याच्या फऱ्यापासून अख्खा पाय काढला. खाली खुंट ठेवला तर कुत्रं तो टेकायला जातं आणि जखम होत राहते. पैशाचं सगळे विचारतात. जाण्यायेण्याच्या गाडीसकट माझ्या एका महिन्याच्या पेन्शनमध्ये बसलं.

आता घरी आल्यावरचं. पहिल्या दोन रात्री ती कण्हत होती, मधूनच हंबरडा फोडायची. थोडं दुखण्यानं, थोडं गुंगीच्या औषधानं. नसलेला पायही दुखतो, माणसासारखंच. त्यासाठी डॉक्टर वेगळी गोळी देतात. ठरलेल्या वेळी द्यायची, दुखायची वाट बघत बसायचं नाही. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनानं कधीही देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. त्या दोन रात्री भिंतीपलीकडं सगळ्यांना ऐकू जात होतं. एकानंही तक्रारीला दार वाजवलं नाही. सकाळी जिन्यात फक्त विचारलं, "रात्री झोपली का मग?" आज सगळ्यांसमोर आभार मानते.

जखमेभोवती निळं-काळं पडतं, खाली पाणी साचून फुगवटा येतो. बघून पोटात गोळा येतो, पण ते होतं. वास, पू किंवा ताप असेल तर मात्र फोन लावायचा. गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं टाके निघेपर्यंत ठेवायचं. हरणीचे टाके बाराव्या दिवशी निघाले. पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची आणि शी-शूला न्यायचं. तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठली, दोन उड्या मारल्या आणि आपल्या गुळगुळीत फरशीवर तोंडावर आपटली.

खरा शत्रू फरशी. तीन पायांच्या कुत्र्याचा एक पाय घसरला की सावरायला दुसरा नसतो. मी सतरंज्या टाकल्या, तर सतरंजीच घसरायची. मग तळमजल्यावरच्या मुलांनी ट्रॅक्टरच्या शोरूममधून रबरी मॅटचे तुकडे आणले आणि तिच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत वाट केली. ताटली विटांवर उंच ठेवली, म्हणजे मान खाली घालताना तोल जाऊ नये. पंजांमधले केस कापले, नखं कापली. दोन भाकरींची एक केली. कारण वाढलेलं प्रत्येक किलो त्या एकट्या पुढच्या पायावर येतं. एक मोठा फेरफटका नाही, दिवसातून पाच-सहा वेळा पाच-पाच मिनिटं. उरलेल्या पायाचा खांदा रोज हलक्या हातानं चोळायचा.

महिनाभरात ती अंगणात खारीमागं धावली. लहान मुलं टाळ्या वाजवायला लागली, मोठी माणसं डोळे पुसायला. तिला दोन्हीचं काही नव्हतं, खार झाडावर गेली एवढाच राग होता. पाहुणे यायचे आणि "अरेरे, बिचारी" म्हणायचे. मी सांगायचे, तोंडाकडं बघा. कान वर, शेपटी हलती, रात्रभर एका कुशीवर झोप.

केमोथेरपी आम्ही केली नाही. दर तीन आठवड्यांनी एवढा लांबचा प्रवास तिला सोसला नसता. नोव्हेंबरात तिला खोकला लागला, धाप लागायला लागली. छातीत उतरलं होतं. एका सकाळी तिनं दूध-भाकरीकडंही तोंड फिरवलं, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. तिच्याच अंथरुणावर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

नऊ महिने. हिशेब मांडायची मला सवय आहे. आधीच्या साडेदहा वर्षांपुढं नऊ महिने म्हणजे फार नाही. पण त्या नऊ महिन्यांतले शेवटचे पंधरा-वीस दिवस आणि सुरुवातीचे तीन आठवडे सोडले, तर बाकीचे दिवस तिला दुखत नव्हतं. म्हातारं जनावर वर्षं मोजत नाही, त्याला आजचा दिवस कसा गेला एवढंच असतं. तुम्ही निर्णय घ्याल तेव्हा "किती जगेल?" हा प्रश्न दुसरा ठेवा. "जितकं जगेल तितकं कसं जगेल?" हा पहिला. उरलेले पाय धड नसतील, छातीत आधीच दिसत असेल, वजन फार असेल, तर उत्तर "नको" असंही येईल. तेही तितकंच प्रामाणिक उत्तर आहे.

शेवटी एक मागणी. हरणीसाठी माझ्या दारासमोरच्या चार पायऱ्यांवर आपण फळी टाकली होती. ती फळी अजून काढलेली नाही. परवा पाहिलं, काका कठडा धरून त्याच फळीवरून उतरत होते. फळीचा उतार फार उभा आहे, कुणीतरी पडेल. चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची, आणि उताराचं प्रमाण बारास एक. म्हणजे चोवीस फुटांचा सिमेंटचा उतार लागेल. अंगणात तेवढी जागा आहे, मी टेपनं मोजली आहे. रौप्यमहोत्सवी वर्षात येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडते. अनुमोदन कोण देतंय, तेवढं आत्ताच सांगा.