ज्वर ओसरल्यावर नेत्रांकडे पाहावे

देहातील सूक्ष्म रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेवाचून प्रत्यक्ष पाहता याव्यात, असे एक दुर्मिळ स्थान आहे. ते म्हणजे डोळ्याच्या पाठीमागील दृष्टिपटल. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्र जगापुढे ठेवले आणि वैद्यकाला ही खिडकी उघडली.

विषाणुज्वराचा प्रकोप या खिडकीतून दिसतो. डेंगीचेच उदाहरण घ्यावे. त्यात रक्तातील प्लेटलेट घटतात, सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि त्या वाहिन्यांना दाहही होऊ शकतो. मग दृष्टिपटलावर रक्ताचे ठिपके उमटतात. त्याच्या मध्यभागी, जेथे अक्षर वाचण्याची शक्ती एकवटलेली असते, तेथे सूज येते. २०२० पासून कोविडच्या काही रुग्णांतही सूक्ष्म रक्तस्राव व कापसासारखे पांढरे ठिपके आढळले.

रुग्ण फसतो तो वेळेमुळे. डेंगीतील हा विकार बहुधा आठवड्याच्या सुमारास, ताप उतरत असताना प्रकटतो. घरची मंडळी निश्चिंत झालेली असतात; नजरेसमोरचा काळा डाग अशक्तपणाच्या खाती जमा होतो. पुष्कळांची दृष्टी काही आठवड्यांत सुधारते. काहींच्या नजरेत मात्र कायमचा दोष राहतो.

म्हणून ज्वरानंतर अक्षरे पुसट वा वाकडी दिसू लागल्यास एकेक डोळा झाकून पाहावे आणि विनाविलंब नेत्रवैद्याकडून दृष्टिपटल तपासून घ्यावे. समईच्या उजेडात ज्या नेत्रांनी देवाचे मुख पाहावयाचे, त्यांची एवढी राखण प्रत्येक घराने करावी.